मक्कीच्या काठ्या

मिर्झामास्तरांना तुम्ही किती ओळखत होता, असं कुणी मला खरंच विचारलं तर मला खाली बघावं लागेल. मी शाळेची बस चालवायचो आणि ते माझ्या मागच्या बाकावर, डाव्या खिडकीशी बसायचे. नोकरीची सगळी वर्षं मी त्यांना आरशात पाहिलं. आरशात माणसाचं कपाळ दिसतं, चष्मा दिसतो, तो जागा आहे की डुलक्या घेतोय ते कळतं. त्यापलीकडे काय कळणार? त्यांनी लग्न का केलं नाही ते मला माहीत नाही. ते चहा बिनसाखरेचा घेत, हेसुद्धा मला त्यांच्या बहिणीनं परवा सांगितलं.

तरी लिहायला मलाच बसवलं आहे. चाळिसाव्या दिवशी मातममध्ये, म्हणजे गावाच्या शोकसभेच्या घरात, सगळे जमतात, मयताबद्दल कुणीतरी चार शब्द वाचतं. मी मासूमाला म्हटलं, शाळेत एवढे शिकलेले लोक आहेत, त्यांच्यापैकी कुणाला तरी सांग. मासूमा म्हणजे मास्तरांची बहीण, त्यांच्याहून मोठी, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "ते लिहितील आणि माझ्या भावाचा संत-वली करून ठेवतील. तुम्ही लिहा, बू जाफर. तुम्हाला फारसे शब्द येत नाहीत."

म्हणून लिहितो. चुकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

मास्तर मुलांना भूगोल शिकवायचे. पण गावात त्यांची ओळख त्यांच्या वडिलांच्या हदऱ्यावरून होती. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी असे पुष्कळ हदरे होते. उथळ समुद्रात काठ्या रोवायच्या, त्यांना जाळी बांधायची, आणि शेवटी एक गोल खोली करायची. भरतीबरोबर मासे येतात, पाणी उतरायला लागलं की जाळीच्या कडेकडेनं वाट शोधत त्या खोलीत जातात आणि तिथंच राहतात. ओहोटीला माणूस चालत जाऊन टोपली भरून आणतो. प्रत्येक हदऱ्याला एक लांब हात असतो, काठ्यांची सरळ रांग. ती खोलीपासून निघते ती थेट गावाच्या दिशेनं येते.

वर्षातून एकदा मास्तर सगळा वर्ग माझ्या बसमध्ये घालून किनाऱ्यावर न्यायचे. मुलांना चिखलात उतरवायचे, डोळ्यांवर रुमाल बांधायला लावायचे आणि म्हणायचे, "धुक्यात डोळे खोटं बोलतात. डाव्या हाताला काठी धरा. एक सोडली की पुढची चाचपा. काठ्या संपल्या की समजा आईची हाक ऐकू येईल." हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. एकदा एका मुलानं विचारलं, हे परीक्षेत येणार का? मास्तर म्हणाले, "नाही येणार. पण परीक्षा एकदाच असते, धुकं दर थंडीत असतं." मी बसच्या पायरीवर बसून ऐकायचो. चिखलात मी कधी उतरलो नाही. माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते.

मग कंपनी आली. समोर समुद्रात भर घालून हॉटेलांचं बेट करायचं होतं आणि तिथवर बोटी जाव्यात म्हणून खोल वाट खणायची होती. हदरेवाल्यांना भरपाई मिळाली. लोकांनी काठ्या उपटल्या आणि पैसे घेतले. त्यांना नावं ठेवायचं मला कारण नाही, माझ्या घराण्यात हदरा असता तर मीही घेतले असते. शेवटी मास्तरांचा एकच उभा राहिला.

खणायचं यंत्र रात्रंदिवस चालायचं. धप, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा धप. कपाटातल्या काचेच्या पेल्यांना कंप सुटायचा. त्या थंडीत रोहित पक्षी आलेच नाहीत. पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि ओहोटीला ते समोर जायचं सोडून आडवं जायला लागलं. हदऱ्याच्या खोलीत मासे मिळेनासे झाले. मिळायचे ते जेलीफिश, पारदर्शक, हातात धरवत नाहीत असे. मास्तर रोज जायचे आणि रिकामी टोपली घेऊन यायचे. कुणी भेटलं तर टोपली उलटी डोक्यावर घालायचे, म्हणजे लोकांनी हसावं आणि पुढचं विचारू नये.

यंत्राचा नळ न्यायला कंपनीनं त्यांच्या हदऱ्याच्या हाताचा गावाकडचा तुकडा काढून टाकला. आता ती रांग चिखलात मध्येच संपायची. तिथून गाव सरळ समोर दिसत होतं, तेव्हा दिवसा काही अडचण नव्हती. पण त्याच सुमारास खोल वाटेची कड दाखवायला कंपनीला खुणेच्या काठ्या हव्या होत्या. हाजी मक्कीच्या मुलानं, हबीबनं, बापाच्या हदऱ्याच्या काठ्या विकल्या होत्या. त्याच आणून त्यांनी रोवल्या. मास्तरांची रांग संपते तिथून, गावाकडे येणाऱ्याच्या थोडं डावीकडे, ती नवी रांग सुरू व्हायची आणि वळत वळत खणलेल्या पाण्याच्या तोंडाशी जायची.

एका संध्याकाळी आम्ही दोघं किनाऱ्यावर उभे होतो. काठ्यांच्या डोक्याला मक्कीच्या घरातल्या बायकांनी बांधलेली लाल चिंधी अजून तशीच होती. बगळे मास्तरांच्या हदऱ्यावर बसायचे सोडून त्या नव्या रांगेवर ओळीनं बसले होते आणि सगळ्यांची तोंडं खोल पाण्याकडे होती.

"मक्कीच्या काठ्या वाट चुकल्यात, बू जाफर," ते म्हणाले.

"कंपनीच्या मुकादमाला सांगा ना, दुसरीकडे लाव म्हणून."

"सांगितलं. तो म्हणाला, उद्या. मी रोज सांगतो, तो रोज म्हणतो उद्या. चांगला माणूस आहे, कधी नाही म्हणत नाही."

म्हणजे त्यांना माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण गावात काही लोक म्हणतात की म्हातारपणी त्यांना उमजेनासं झालं होतं. तसं नव्हतं.

नंतर सय्यद अदनान बातमी घेऊन आला. अदनान मास्तरांचा जुना विद्यार्थी, आता नगरपालिकेवर निवडून आलेला. संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजानंतर आम्ही मजलिसमध्ये, गावाच्या बैठकीत बसलो होतो, कॉफी फिरत होती. त्यानं सगळ्यांना सलाम केला, वाकून मास्तरांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि शेजारी बसला.

"तब्येत कशी आहे, मास्तर?"

"भूगोलात गटांगळ्या खाणारा मुलगा आता नकाशे मंजूर करतोय. बाकी सगळं बरं."

लोक हसले. अदनानही हसला. "नापास नव्हतो मी. तुम्हीच काठावर पास केलं होतं."

"म्हणून तर काठ उरला नाही."

हसणं ओसरल्यावर अदनाननं सांगितलं. पर्यटकांचं मोठं जहाज येणार होतं. पर्यटन खात्याच्या बाई त्यातले काही पाहुणे घेऊन हदरा बघायला येणार होत्या. पाहुण्यांना आवडला तर खातं तो आपल्या फेरीत घेणार. एकदा फेरीत गेला की कंपनीला त्याला हात लावता येणार नाही.

"आणि नाही आवडला तर?" मास्तरांनी विचारलं.

"मग मला काही करता येणार नाही, मास्तर. उन्हाळ्याच्या आत तिथपर्यंत भर पडेल."

मास्तर हातातला पेला फिरवत राहिले. "ते बघणार काय?"

"मासे बघणार. दुसरं काय?"

खोलीत मासे नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. दूरवर यंत्राची धप ऐकू आली. मग हबीब म्हणाला, "बाजारातून टोपलीभर आणून टाका की. परदेशी लोकांना काय कळतंय?"

"हबीब, बापाचा हदरा तू विकलास. आता माझ्या हदऱ्याला खोटं बोलायला शिकवतोस?"

हबीबचा चेहरा उतरला. वाढणारा कॉफीचं भांडं घेऊन मास्तरांपुढे आला. त्यांनी पेला हलवला, म्हणजे आता नको. एरवी ते तीन पेले घेतल्याशिवाय उठत नसत.

पाहुणे यायचे त्या सकाळी असं धुकं पडलं की माझ्या दारातून मशीद दिसेना. अजान कापसातून यावी तशी आली. यंत्र बंद होतं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच पेले थरथरत नव्हते आणि त्या शांततेचीच मला भीती वाटली. का, ते सांगता येत नाही.

ऊन वर आलं तसं धुकं फाटलं. पाणी पार उतरलं होतं. पाहुणे रबरी बूट घालून, एकमेकांचे हात धरून, हसत हसत चिखलातून सरळ हदऱ्यापर्यंत गेले. अदनान पुढे होता. मी किनाऱ्यावरच थांबलो. थोड्या वेळानं तिकडून टाळ्या ऐकू आल्या. खोलीतल्या उरल्यासुरल्या पाण्यात मासे होते. साफी जातीचे, चांगले तळहाताएवढे, पुष्कळ. एक म्हातारी पाहुणी त्यातला एक दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि सगळ्यांनी तिचे फोटो काढले. खात्याच्या बाई अदनानला म्हणाल्या म्हणे, हे तर आम्हाला हवंच आहे. मास्तर कुठं आहेत, त्यांना बोलवा.

तेवढ्यात मासूमा चहाचा थर्मास घेऊन माझ्यापाशी आली. "मिर्झा कुठंय? चहा सगळ्यांना वाटत बसू नका, आधी त्याला द्या. पहाटे फजरच्या नमाजाआधीच उपाशी गेलाय."

मी म्हटलं, "तिकडेच असतील."

पण ते तिकडे नव्हते. बगळे उडाले म्हणून मी उजवीकडे पाहिलं. लाल चिंध्यांच्या रांगेत, पाण्याच्या तोंडाजवळच्या एका काठीला त्यांची टोपली अडकवलेली होती. रिकामी. तोल सावरायला दोन्ही हात मोकळे हवे असतील, म्हणून माणूस टोपली काठीला अडकवतो, तशी.

ते दुसऱ्या दिवशी सापडले. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

मी एवढंच समजतो. काम आटोपून ते धुक्यात परत निघाले. डाव्या हाताला काठी, मग पुढची, मग पुढची. त्यांची रांग संपली. डोक्याला माहीत होतं की इथं थांबायचं, आता सरळ. पण हाताला वडिलांनी शिकवलं होतं. हात पुढे गेला आणि त्याला काठी लागली. काठी ओळखीची, तेल पाजलेली, आमच्याच गावात रोवलेली. बाकी अल्लाला ठाऊक.

त्या काठ्या त्याच दुपारी निघाल्या. मुकादमानं स्वतः काढल्या आणि काढताना तो रडत होता. हदरा खात्याच्या फेरीत गेला आहे. जहाज आलं की पाहुणे येतात. खोलीत मासे नसतात तेव्हा त्यांना त्या दिवशीचे फोटो दाखवतात.

मासे कुठून आले, यावर मजलिसमध्ये दोन मतं आहेत. काही म्हणतात, ती बरकत होती, समुद्रानं मास्तरांना निरोप दिला. मला खरं माहीत होतं आणि ते लिहावं की नाही यात माझे बरेच दिवस गेले. शेवटी मासूमाकडे गेलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्याच फ्रिजमध्ये रात्रभर होते ते. लिहा. मिर्झा हबीबला बोलला होता, ते मिर्झाच्याच मनाला लागून राहिलं होतं. तरी आणले. बापाची एवढी एकच वस्तू उरली होती त्याच्याकडे."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, असरच्या नमाजाच्या सुमाराला मास्तर माझ्याकडे आले आणि म्हणाले, मनामाला मासळीबाजारात सोडाल का? माझी जुनी पिकअप आहे, तिच्यातून गेलो. पहिल्यांदाच ते माझ्या मागे नाही, शेजारी बसले. बाजारात त्यांनी साफीची टोपली घेतली. माशांचे डोळे, कल्ले एकेक बघून घेतले आणि घासाघीस अजिबात केली नाही.

येताना मी विचारलं, "एवढी साफी? पाहुणे आहेत का?"

"आहेत ना. जहाजभर."

मग मी काही विचारलं नाही. समुद्राच्या बाजूला आभाळ खाली आलं होतं, ओलसर, करडं.

"उद्या धुकं पडणारसं दिसतंय, मास्तर."

"पडू दे. काठ्या आहेत."

"सोबत येऊ का मी?"

"तुम्ही? तुम्हाला बसमधून उतरवायला दोन मास्तर लागायचे. चिखलातून काढायला सगळी शाळा आणावी लागेल."

मी हसलो. त्यांच्या दाराशी गाडी थांबवली. ते टोपली घेऊन उतरले, दोन पावलं गेले आणि परत आले. खिडकीतून आत वाकून त्यांनी वास घेतला आणि नाक मुरडलं.

"काचा उघड्या ठेवा हो रात्रभर. नाहीतर वास बसेल."

"ठेवतो," मी म्हटलं.