समजा, या मावशींना

भाषण रंगवायची मला भारी हौस. सरकारी दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागल्यापासून नाशिकच्या आसपासच्या गावांत जाऊन एचआयव्हीबद्दल बोलणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. एका ताटात जेवल्याने होत नाही, डास चावल्याने होत नाही, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. लोक समोर बसून जांभया देतात. म्हणून चांदवडच्या अलीकडच्या एका शाळेत, पालकसभेत, मी जरा वेगळं करायचं ठरवलं.

व्हरांड्याच्या टोकाला मुलांच्या खिचडीचं पातेलं होतं आणि ती शिजवणाऱ्या मावशी शेजारी उभ्या होत्या. मी म्हणाले, "समजा, या मावशींना एचआयव्ही आहे. तरी मी यांच्या हातची खिचडी खाईन." आणि सगळ्यांसमोर ताटलीभर खाल्लीही. टाळ्या पडल्या. मावशीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. परत येताना गाडीत मी स्वतःवरच बेहद्द खूश होते.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, मुलं घरून डबे आणतायत. खिचडीला कुणी हात लावत नाही."

"का?" मला खरंच कळेना.

"गाव म्हणतंय, दवाखान्याच्या बाई उगाच कुणाकडे बोट दाखवतील का? त्यांच्याकडे तर सगळ्यांचे रिपोर्ट असतात."

मावशींचा नवरा ट्रक चालवायचा आणि आजारपणात गेला, हेही म्हणे आता लोकांना नव्याने आठवलं होतं. शाळेची समिती सोमवारी त्यांच्या जागी दुसरी बाई ठेवणार होती. ते काम गेलं तर मावशींना गावात दुसरं कोण देणार होतं? आणि हे सगळं मी केलं होतं, माझ्या या तोंडाने.

दुसऱ्याच दिवशी गेले. मावशींनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, धा वर्सं झाली या पोरांना खाऊ घालते मी. माझ्याकडंच कशाला बोट केलं?"

समितीसमोर मी घसा कोरडा होईस्तोवर पुन्हा सगळं समजावलं. मावशींबद्दल मला काहीच माहीत नाही, तो नुसता दाखला होता, हेही सांगितलं. शेवटी एक गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुमचं समदं बराबर हाय. पण एकदा यांचा रिपोर्टच दाखवा ना. मंग भानगडच नाय." सगळ्यांच्या माना हलल्या.

चाचणी मर्जीशिवाय करायची नाही आणि रिपोर्ट कधीही चारचौघांत काढायचा नाही, हे मी नव्या मुलींना शिकवते. तरी मीच मावशींना बाजूला घेतलं. "करून टाकू एकदा, मावशी. तोंडं बंद होतील." त्या हो म्हणाल्या. नाही म्हणायला मी जागा ठेवली होती कुठे?

रिपोर्ट निगेटिव्ह आला. सोमवारी मी तो समितीसमोर मोठ्याने वाचला. मावशींची जागा राहिली. दुपारी मुलं रांगेने बसली आणि डबे दप्तरातच राहिले. एका आईने येऊन मावशींचा हात धरला. "आमी तर कवाच म्हणत होतो, ही बाई तशी नाय."

ते ऐकलं आणि मला उमगलं. दोनदा सभा घेऊन मी या गावाला काय शिकवलं, तर रिपोर्ट चांगला असेल तरच बाईच्या हातचं खावं. आणि आता ते माझ्या नावावर सांगितलं जाणार होतं.

मुलं वर्गात गेली तशा मावशी पातेलं घासायला बसल्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ताई, रिपोर्ट वाईट निघाला असता, तर आज आल्या असत्या का तुमी?"

"आले असते की," मी म्हणाले.

त्यांनी घासता हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत होते, आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं.