कोवळ्या गवताची गंज

पाऊस त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच थांबला. पुढचा आठवडा असा कोरडा गेला की आभाळात कापसाच्या धाग्याएवढाही ढग दिसला नाही. सकाळी दव पडे, ऊन चढताच ते उडून जाई, आणि दुपारी पूर्वेकडून गरम वारा सुटे. कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला असे ऊन हवे असते. आम्हीही आधी त्यावर विश्वास ठेवला.

आमचे गाव चिंचवडहून चाकणकडे जाणाऱ्या वाटेवर, इंद्रायणीच्या अलीकडे. पिंपरीच्या बाजूला तेव्हा कारखाने नुकते उभे राहू लागले होते. पावसाळ्याच्या तोंडी मोजणीदार आले आणि गावच्या कुरणात चुना फासलेले दगड रोवून गेले. दिवाळीनंतर तेथे कुंपण पडेल आणि आतल्या गवतावर गावाचा हक्क राहणार नाही, असे तलाठ्याने सांगितले. कुरणातले गवत आम्ही नेहमी दिवाळीच्या सुमारास, पिवळे पडल्यावर कापत असू. त्या वर्षी ते हिरवे असतानाच कापायचे ठरले. इर्जिक घालून साऱ्या घरांची माणसे एकत्र उतरली आणि कुरण उघडे केले.

कापलेले गवत थोडे दिवस उन्हात पडले. हातात घेतले की वरून कुरकुरीत वाजे. तेवढ्यावर गावाने ते वाळले असे मानले; आतली ओल कोणी पाहिली नाही. गंजी रचण्याची जुनी जागा चुन्याच्या दगडांच्या आत गेली होती, म्हणून सगळे गवत गाड्यांनी गावात आणले आणि आमच्या घरापुढच्या मोकळ्या आवारात त्याची एकच गंज रचली. आवार लहान पडले. माणसे वर चढून गवत पायांनी तुडवत होती, ते दाबून बसवत होती. गंज आमच्या छपराहून उंच गेली.

आमचे घर मातीच्या भिंतींचे आणि गवताने शाकारलेले. दार एकच, पूर्वेला, थेट गंजीसमोर. गंज रचून झाल्यावर काही दिवसांनी आत माझी धाकटी बहीण बाळंत झाली. पहिलटकरीण, माहेरी आलेली. मुलगी झाली. वडील हयात नव्हते. घर माझे चुलते पाहत. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू.

गवताची रास गावात आली की विस्तवाला आवर घालायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. पाटलांनी दवंडी दिली. वारा सुटण्याआधी चुली विझवायच्या, विडी ओढायची असेल तर नदीवर जायचे. बायका पहाटेच भाकरी भाजून घेत आणि चुलीत पाणी ओतत. दुपारी मळ्यातून पाहिले तर साऱ्या गावावर धुराची एक रेघ दिसत नसे. माणसे घराघरांत असूनही गाव उठून गेल्यासारखे वाटे. विस्तव काय तो आमच्या घरी होता. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी लागते. बाळाला शेक द्यावा लागतो, ओव्याची धुरी द्यावी लागते. आई त्यात कोणाचे ऐकणारी नव्हती.

पहिल्यांदा वास आला. गुऱ्हाळात गुळाची काहिल उतरताना येतो तसा, गोड. मुले त्या वासाने गंजीभोवती खेळू लागली. पुढे तो वास तंबाखूवर गेला. एका सकाळी सर्व छपरे दवाने ओली होती आणि गंजीचा माथा तेवढा कोरडा होता. त्यातून वाफ निघत होती, थंडीत बैलाच्या नाकातून निघावी तशी, थांबून थांबून. गावातली कुत्री रात्री उबेला गंजीला चिकटून निजत. त्या दिवसापासून ती दूर, रस्त्याच्या पलीकडे निजू लागली. गंज मधोमध खचली. वर कोणी जड माणूस बसून उठून गेला असावा, असा तो खळगा होता.

तात्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि लगेच बाहेर काढला. मुठीत आलेले गवत काळपट तपकिरी होते. ते त्यांनी बैलापुढे धरले. बैलाने हुंगले आणि मान फिरवली.

"आत कोन निजलंय का काय, तात्या?" शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले.

"निजलंय त्याला ताप भरलाय," तात्या म्हणाले.



संध्याकाळी पाटील दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या बारा जनावरांची वैरण त्याच गंजीत होती.

"तात्या, शेगडी इझवा. समद्या गावात इस्तू तुमच्याच घरात हाय."

आतून आई म्हणाली, "ठिणगी उडाली आन् गंजीच्या पोटात जाऊन बसली व्हय, पाटील? वरची काडीबी न जाळता? लई शानी ठिणगी म्हनायची."

"वैनी, गावाला काय सांगू मी?"

आई उठली. मग तिने शेगडीत तांब्याभर पाणी ओतले आणि ती ओली शेगडी आणून पाटलांच्या पायांशी ठेवली. "ह्ये घ्या. आता समदं गाव गार झालं."

त्या रात्री गावात कोठेही निखारा नव्हता. दुसऱ्या दिवशी गंज अधिक तापली. हात लावण्यापुरतीही ती सोसवेना. तेव्हा लोकांच्या बोलण्यातला रोख बदलला. गंज आपल्या आपणच तापते हे दिसल्यावर आग लावणारा कोण, हे विचारणे बंद झाले. लोक गंजीकडे पाठ करून बोलू लागले आणि तिचे नाव घेईनासे झाले. पूर्वेचा वारा सुटला की गंजीवरची उष्ण हवा आमच्या दारातून आत येई आणि पाळण्यावरचे फडके हलवी.

दुपारी पाटील पुन्हा आले. सोबत पहारी घेतलेली माणसे होती.

"गंज फोडतो. वाचंल तेवढी वैरण वाचंल."

"फोडा," तात्या म्हणाले, "पर आधी पोरगी भाईर काढू द्या. सासरची ठेव हाय ती. वारा समदा आमच्या दारावर हाय."

आई दारात आडवी उभी राहिली. "भावजी, आज पाचवी हाय."

पाचव्या दिवशी सटवाई येते आणि मुलाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी आमच्याकडची समजूत. त्या दिवशी बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो. "सटवाई आली आन् घरात पोर न्हाई गावली, तर काय लिवंल ती? कोरं कपाळ घिऊन जगायचं का पोरीनं?"

"आन् जळून मेली तर कुठं लिवंल?" तात्या म्हणाले.

आई हलली नाही. तात्यांना तिला हात धरून बाजूला करता आले नसते. भावजय वडीलधारी होती. बाहेर माणसे पहारी टेकून उभी होती. गंजीच्या खळग्यातून आता निळसर धूर येत होता.

तेव्हा आतून बहीण म्हणाली, "आये, मागल्या भिंतीला कुठं उंबरा हाय?"

आईने वळून तिच्याकडे पाहिले. मग तिने दाराची चौकट सोडली. तात्यांनी तेवढे पुरेसे मानले. एका माणसाच्या हातातली पहार घेऊन ते घराच्या मागे गेले. मीही गेलो. भिंत जुनी होती, पावसाने झिजलेली, तरी ती लवकर सुटेना. आतून माती पडण्याचा आवाज येई आणि मध्येच बाळाची शिंक. माणूस वाकून जाईल एवढे खिंडार पडले तेव्हा आईने मुलगी सुपात घालून माझ्या हातात दिली. मागून बहीण आली, कानावर फडके घट्ट बांधलेली. आम्ही तिला नदीकडच्या गोठ्यात नेले.

परत आलो तेव्हा गंज फोडत होते. पहारीने वरचा थर ओढला आणि आत पोकळी दिसली. काळी, भट्टीच्या तोंडासारखी. तिच्या भिंती लाल होत्या, पण ज्वाळा नव्हती. क्षणभर सारे पाहतच राहिले. मग आत वारा गेला. गंजीतून झोपलेल्या माणसाने दीर्घ श्वास घ्यावा तसा आवाज झाला आणि ती पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकदम पेटली. पाटलांच्या भुवया जळाल्या. पुढच्या क्षणी आमचे छप्पर पेटले. गावकऱ्यांनी इतर छपरांवर पाणी मारून ती राखली. आमचे राखण्याजोगे नव्हते.

दिवस कलला तेव्हा चार भिंती उभ्या होत्या आणि त्यांमध्ये राख. वैरण साऱ्या गावाची गेली होती. पाटील रस्त्याच्या कडेला बसून राहिले. 

"वैनी, पाचवी गोठ्यात करू," तात्या म्हणाले.

"सटवाईला घर ठावं हाय, भावजी. गोठा न्हाई."

आई राखेत शिरली. पाटा-वरवंटा तिने कोपऱ्यातून शोधून काढला. पाचवीला त्याचीच पूजा करतात. त्यावर पाणी ओतताच तो फुत्कारला. ती पुन्हा पुन्हा पाणी ओतत राहिली, तो शांत होईपर्यंत. दिवा तिने गंजीच्या निखाऱ्यावरच लावून घेतला. बहिणीला आणि सुपातल्या मुलीला मी गोठ्यातून आणले. बहीण बाहेर पडली होती त्याच खिंडारातून मुलीला घेऊन आत गेली. गावातल्या बायका बाहेर उभ्या राहिल्या. एरवी पाचवीला घर भरून जाते, पण त्या दिवशी कोणी आत पाऊल टाकले नाही.

आईने आम्हा पुरुषांना दूर केले. तात्या आणि मी खिंडाराकडे पाठ करून बसलो. भिंत अंगासारखी ऊन होती. वारा पडला होता. आतून बराच वेळ कोणाचाच आवाज आला नाही, बाळाचाही नाही. तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी उठलो नाही.

मग आईने हाक मारली. "झालं. या आत."

मुलगी सुपात जागी होती आणि वर पाहत होती. वर छप्पर नव्हते. तिच्या कपाळावर काजळीची एक बारीक, वाकडी रेघ होती. मी तिला गोठ्यातून आणले तेव्हा ती रेघ नव्हती. हवेत राख उडत होती, तीच बसली असावी. बहिणीने पदराचे टोक ओले केले आणि हात पुढे नेला.

"पुसू नगं," आई म्हणाली.