वरच्या खोलीतली नायगाव लाईन

निवृत्त माणसाने काय करावं, हे आमच्या नांदेडात ठरलेलं आहे. सकाळी फिरावं, बीपीची गोळी घ्यावी आणि नात्यातल्या सोयरिकी जुळवाव्यात. मी वरच्या खोलीत रेल्वे बांधायला घेतली तेव्हा कॉलनीत दोन तट पडले. एक म्हणे, यांना एकटं सोडू नका. दुसरा म्हणे, तिकीट किती ठेवणार विचारा.

रेल्वे म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. प्लायवूडच्या दोन मोठ्या फळ्या, त्यावर बोटभर रुंदीचा रूळ, चहाच्या गाळणीने चाळलेली गोदावरीची वाळू ही खडी आणि हिरवा रंग दिलेला भुसा हे गवत. नांदेड, मुदखेड आणि उमरी अशी तीन स्टेशनं. मी एकच नियम ठरवला होता: जे जमिनीवर आहे तेच फळीवर येईल, मनाचं काही नाही. तीस वर्षं मी एका सरकारी खात्यात कालव्यांच्या आखणीवर होतो. जे झालंच नाही ते झालं म्हणून कागदावर दाखवायचा आता वीट आला आहे, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगत असे.

बघायला येणारा प्रत्येक जण आधी आपलं गाव शोधायचा आणि ते सापडलं नाही की त्याचं तोंड उतरायचं. अर्धापूरच्या मित्राला केळीच्या घडांनी भरलेले डबे हवे होते. लातूरची माझी थोरली बहीण म्हणाली, "आमच्याकडं रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या टाक्या लाव की!" मी सगळ्यांना सांगायचो, लेखी निवेदन द्या. दोघांनी खरोखरच दिलं आणि मी त्यावर आवक क्रमांक टाकला.

माझी सासुरवाडी नायगावजवळची. नायगावला रेल्वे येणार हे मी माझ्या लग्नाच्या मांडवात ऐकलं होतं. ती अजून येतेच आहे. सासऱ्यांच्या वावरात एकदा सर्व्हेच्या खुंट्याही रोवून गेले होते. त्या खुंट्या सोडून सासरे कित्येक वर्षं नांगर फिरवत राहिले आणि शेवटी खुंट्याच कुजून गेल्या.

ते ऐंशीच्या पुढचे. डोळे दाखवायला नांदेडला आमच्याकडे आले. डॉक्टरांनी मला आणि बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, काचबिंदू फार पुढे गेला आहे, गेलेली नजर परत येत नसते. उरली आहे ती पाच-सहा महिने टिकली तर नशीब समजा. हे ऐकून आम्ही घरी आलो आणि सासरे म्हणाले, "चला, तुमची रेल्वे तर दावा." कठड्याला धरून वर आले. दारातूनच त्यांनी उमरीची पाटी वाचली, सगळी फळी फिरून पाहिली आणि विचारलं, "नायगाव कुठं हाय?"

"मामा, नायगावला रेल्वे नाही ना अजून."

"ते मला ठावं हाय वो, जावईबापू. खरी न्हाई आली. तुमची तर येईल का न्हाई?"

मी त्यांना माझा नियम समजावून सांगितला. "हाव, बरोबर हाय," म्हणून ते खाली गेले. बायको तिथेच उभी राहिली.

"जन्मभर वाट बघितलेल्या माणसाला तुम्हाला दोन फूट रूळ देता येत नाही?" ती म्हणाली. "दादांना दिसतंय तोवर करा. नंतर कराल ती कुणासाठी?"

मी हो म्हणालो, आणि लगेच चूक केली. मी फाईल उघडली.

दुसऱ्या कुणी दोन फूट प्लायवूड कापलं असतं. मी सर्व्हे केला. मोबाईलवरचा नकाशा मोठा करून नांदेडहून निघणाऱ्या नव्या फाट्याच्या तीन आखण्या काढल्या, लाल, निळी आणि हिरवी. मग सासऱ्यांना खुर्ची दिली आणि स्थळपाहणी ठेवली. लाल रेघ त्यांच्या विहिरीवरून जात होती. ते म्हणाले, "हिरीवरून नगं." निळी मारुतीच्या पारावरून जात होती, तीही नको. हिरवी त्यांच्या चुलतभावाच्या वावरातून आडवी जात होती. ती बघून ते खुलले. "हाव! ही झ्याक हाय." या दोघा भावांचं बांधावरून पटत नाही, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

माझ्या मेहुण्याने त्या हिरव्या रेघेचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी चुलतसासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, आमच्या वावरातून कोनाला इचारून लाईन टाकून राहिले?"

"अहो, प्लायवूड आहे ते."

"प्लायवूड असंल न्हाई तर पत्रा असंल. वावर आमचं हाय का न्हाई? आन वावर गेल्याचा मावेजा कोन देनार?"

एखाद्या शहाण्या माणसाने फोन ठेवून रूळ ठोकला असता. मी त्यांना म्हणालो, हरकत लेखी पाठवा. चार दिवसांत दोन पानी अर्ज आला, खाली सात सह्या आणि एक अंगठा. मी तो फाईलला लावला, सुनावणीची तारीख दिली आणि हरकत निकाली निघेपर्यंत काम थांबवलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, येड लागलं का काय तुमाला?" मी त्यालाच साक्षीदार म्हणून बोलावलं.

सुनावणीच्या दिवशी चुलतसासऱ्यांकडे हरभऱ्याची काढणी निघाली. पुढच्या तारखेला पाहुणे आले. त्याच्या पुढच्या तारखेला मीच लातूरला बहिणीकडे होतो. मात्र काम चालू नव्हतं असं कुणी म्हणू नये. या काळात मी मुदखेडला सिग्नल बसवला, उमरीच्या फलाटावर तारेची कडुलिंबं लावली, बाकं केली, बाकांवर बसायला माणसं केली, एका माणसाच्या हातात पिशवीसुद्धा दिली. बायको महिन्याला विचारायची, "नायगावचं कुठवर आलं?" मी म्हणायचो, "आखणी अंतिम टप्प्यात आहे." तोंडातून हे वाक्य निघायला काही कष्टच पडत नव्हते.

सासरे दर महिन्याला तपासणीला यायचे आणि न चुकता वर यायचे. तिसऱ्या खेपेला उमरीची पाटी वाचायला ते फळीवर वाकले. पाचव्या खेपेला त्यांनी विचारलं, "इंजन कोन्त्या रंगाचं हाय वो?" इंजिन त्यांच्या नाकासमोर उभं होतं. मी म्हणालो, "निळं आहे, मामा." आणि तरी मी पुढे म्हणालो, "एवढा हरकतीचा निकाल लागू द्या."

हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. मला मजा येत होती. निवृत्तीनंतर दोन वर्षं मला कुणी कशासाठी फोन केला नव्हता. आता लोक पुन्हा अर्ज घेऊन येत होते, साहेब म्हणत होते, लाईन कुठून नेणार म्हणून विचारत होते. रूळ एकदा टाकला की विचारणं संपलं. नायगावला गाडी न पोचण्यात माझा किती फायदा होता, हे मला पुरतं कळत होतं.

सातव्या खेपेला ते माझ्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आले. जिन्याच्या पायऱ्या मोजत चढले. खोलीत आल्यावर त्यांनी फळीच्या कडेला हात लावून पाहिलं आणि "आलो का?" असं विचारलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि ती खाली गेली.

मी चुलतसासऱ्यांना फोन लावला. म्हणालो, त्या हरकतीचं काय करायचं?

"कोन्ती हरकत?" ते म्हणाले. "कशाची लाईन?"

सासऱ्यांना आम्ही ठेवूनच घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लायवूड कापलं. आईस्क्रीमच्या काड्यांचा गोदावरीवर पूल केला. रूळ बसवला, तारांना डाग दिले, खडी टाकली, सासऱ्यांची विहीर केली, मारुतीचा पार केला. नवव्या दिवशी गाडी नांदेडहून निघून पूल ओलांडून नायगावला गेली. कुठे अडली नाही.

मी सासऱ्यांना वर आणलं आणि त्यांचं बोट धरून नायगावच्या रुळावर, त्यांच्या विहिरीशेजारी ठेवलं. मग खिडकीजवळच्या बटणाशी जाऊन गाडी सोडली. ती पुलावर आली तशी फळी बारीक थरथरली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आली," ते म्हणाले. "आली बगा!"

इंजिन हळूच त्यांच्या बोटाला टेकून थांबलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग दोन बोटांनी त्यांनी इंजिन चाचपलं, डबे मोजले, आणि विचारलं, "किती दिस लागले वो याला?"

"सात महिने, मामा," मी म्हणालो. "हरकती होत्या."

बायको दारात उभी होती. "नऊ दिवस, दादा," ती म्हणाली. "रूळ टाकायला नऊ दिवस लागले."

मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. बोलायला पाहिजे होतं. त्यांनी मान वर केली.

"नऊ दिसात?" ते म्हणाले. "लई लवकर केली की वो, जावईबापू!"

मी खिडकीजवळ उभा होतो. शाबासकी देताना ते कपाटाकडे तोंड करून हसत होते.