महादेवची अर्धी भाकर

महादेव गेल्याचा निरोप रेल्वेच्या यार्डात आला, तेव्हा निरोप आणणाऱ्यावरच मी खेकसलो. आदल्या सांजेला तर दवाखान्यात त्याच्याशी बोलून आलो होतो... दीड महिना झाला, अजून मनाला पटत नाही.

आम्ही दोघं नागपूरकडचे. भिलाईत कारखाना उभा राहू लागला तेव्हा तो लोखंडी तुळया चढवणाऱ्या टोळीत लागला, मी रेल्वेत. तिथल्याच कोहका वस्तीत एक खोली घेऊन राहिलो. मी विधुर, मूलबाळ नाही. त्यानं लग्नच केलं नव्हतं. त्याचा आजा, बाप, काका, सगळे केस पिकायच्या आत गेलेले. बाईले कावून विधवा करू, म्हणायचा. बापापेक्षा जास्त जगायचं, एवढाच त्याचा ध्यास. गावच्या वैदूनं डोक्यात भरवलं होतं की अर्धपोटी राहिलं की आयुष्य वाढतं. म्हणून दिवसभर घाम गाळून आलेला हा गडी अर्धी भाकर खाऊन उठायचा, उरलेली अर्धी सकाळसाठी झाकून ठेवायचा. स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे माझा नुसता संताप व्हायचा. अरे, किती खातो ते सोड, काय खातो ते पाहा, असं मी रोज बजावायचो. ऐकेल तर शपथ! शेवटी मी गुपचूप भाकरीच्या पिठात शिजलेली तुरीची डाळ, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला अन् जवसाची पूड मळायला लागलो. अर्धीच खातो ना, खाऊ दे. पण त्या अर्धीत काही दम तर पाहिजे. रंगाबद्दल विचारलंच, तर या खेपेची ज्वारीच तशी आहे म्हणायचो.

एका सकाळी आरसा घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला. कानाजवळ एक पांढरा केस! त्याच्या घराण्यातला पहिला. लहान पोरासारखा हसत होता. मी शिरा केला. लेकाचा त्यातलाही अर्धा ठेवून उठला.

पुढं दोन-चार वर्षांनी छातीत कफ झाला, ताप उतरेना. त्या शेवटच्या सांजेला दवाखान्याच्या खाटेवरून हळूच म्हणाला, "भाकरीत डाळ मळून राहिला होता ना तू? मले पहिल्याच घासाले समजलं."

"मंग बोलला कावून नाही?"

"बोललो असतो तं तू बंद केलं असतं. माह्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं, गड्या."

बाप गेला त्या वयाच्या पुढं तो जगला, ते पोट रिकामं ठेवून की त्या डाळीनं, देव जाणे. भांडण तसंच राहिलं.

पिठात डाळ मी अजूनही मळतो. सवयीनं भाकर मोडतो, अर्धी झाकून ठेवतो, अन् सकाळी तीच शिळी खाऊन ड्युटीवर जातो. फार एकटं वाटतं. परवा दाढी करताना भुवईत पांढरा केस दिसला. आरसा घेऊन तसाच त्याच्या खाटेकडे वळलो...

खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती.