हाजराबीचं भरलेलं माप

कर्जतच्या त्या छोट्या दवाखान्यात दोन डॉक्टर भांडले, तेव्हा हाजराबी दाराबाहेर फरशी पुसत होती.

"डोकं आपटलेल्या प्रत्येक पोराला नगरला सीटी स्कॅनला धाडता! त्या किरणांनी पुढं कॅन्सर झाला तर?" दिपाली डॉक्टर कडाडल्या.

"मग तू अंगारा लाव!" काकासाहेब डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. "लोकांना भेडवायचं दुकान काढलंयस नुसतं!"

एवढी शिकलेली माणसं, पण नळावरच्या बायका बऱ्या. दोघं फणफणत निघून गेली. खरं काय, ते दोघांनीही पुरं सांगितलं नाही. ऐकणारीच्या मनात तेवढा कॅन्सर राहिला.

हाजराबी एक्स-रेच्या खोलीतली मावशी. शिशाचा एप्रन घालून रडकी पोरं तीच धरायची. त्या दिवसापासून तिनं मनाशी ठरवलं, की प्रत्येक देहाला या किरणांचं माप असतं आणि आपलं माप लोकांच्या पोरांपायी भरत आलंय. पोरं धरायचं काही तिनं सोडलं नाही. पोर हललं तर फोटो पुन्हा काढावा लागतो, मग त्याचंही माप भरायचं!

यंदा तिला खोकल्यानं धरलं. दिपाली डॉक्टर म्हणाल्या, छातीचा फोटो काढा. ही म्हणते, "नगं बाई, माजं माप भरलंय." आणि अडुळशाचा काढा पीत बसली. थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा लेक अमजदनं ओढतच फोटोला नेलं. फुप्फुसातली गाठ पार पसरली होती.

"गाठ कशानं आली ते सांगता येत नाही, मावशी," दिपाली डॉक्टर खाटेशी टेकल्या. "पण असं माप नसतंच हो. आधी फोटो काढला असता तर..." मग त्या शेजारी उभ्या काकासाहेबांना म्हणाल्या, "सर, मला एवढंच म्हणायचं होतं, की गरज नसताना नको."

"आणि मला, की गरज असली तर भिऊ नये."

हाजराबी दोघांकडं बघत राहिली. "म्हंजी एकच म्हनत हुता की! मग तवा असं बसून का न्हाई बोलला?"



नगरला सीटीला जाणाऱ्या एकट्या बाईला सोबत करायचं कामही हाजराबीचंच. पुढच्या आठवड्यात मालनबाई नावाच्या पेशंटचा नंबर होता. अमजद नको म्हणत असताना हाजराबी निघाली.

एसटीत मालनबाईनं विचारलं, "ते सीटी बाधंल का गं?"

"कशापायी काढायचं, ते डॉक्टरनं सांगितलंय का?"

"व्हय."

"मग नीट काढून घे. हलू नगंस."

आत अंगावर धातू चालत नाही, म्हणून मालनबाईनं डोरलं काढून तिच्या हाती दिलं आणि आत गेली. हाजराबी बाकावर तोंडाला पदर लावून खोकत बसली. मालनबाई बाहेर आल्यावर तिनं डोरलं तिच्या गळ्यात घातलं, त्यात अडकलेले केस सोडवून दिले आणि म्हणाली, "चल बाई, बस चुकंल."