कुठलं देऊळ?

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला गाडी चालवणं बंद करायला सांगितलं, तेव्हा मी हसून म्हणालो, "प्रभू सांभाळील." म्हणालो मराठीत, त्यामुळे त्या अमेरिकन बाईंना मी आभार मानतोय असं वाटलं असावं. काचबिंदूने माझी दोन्ही कडांची नजर खाल्ली होती. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं काहीच नाही. समोरचं दिसतंय ना, मग झालं, असं माझं म्हणणं.

मुलगी लांब, दुसऱ्या राज्यात, कॅरीला असते. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, प्रभू सांभाळतो, आय नो. पण गाडी तो ड्राइव्ह करत नाही." मी तिला विश्वासावर चार शब्द सुनावले. मी बोलायला लागलो की कुणाचं ऐकत नाही, असं माझी बायको म्हणायची. ती गेल्यापासून असं म्हणणारंही कुणी राहिलं नाही. मुलीने पुन्हा गाडीचा विषय काढला नाही आणि मी जिंकलो असं समजून खूश झालो.

खरं तर विश्वासापेक्षा मला गाडीच हवी होती. अमेरिकेतल्या या नोव्हाय गावात गाडी नसली तर साधं दूध आणता येत नाही. आणि रविवारची उपासना गेली, तर आठवडाभर मला कुणाशी हात मिळवायचं कारण उरत नाही. आमच्या उपासनेत मी एकटाच मराठी. लोक चांगले आहेत, कॉफी देतात, तब्येत विचारतात, पण त्यांच्यात मी इंडियन. इकडे मराठी मंडळात मी ख्रिश्चन. गणपतीला जेवायला गेलो की कुणीतरी अगदी आपुलकीने विचारतं, "तुम्ही कधी कन्व्हर्ट झालात?" मी नाही हो, माझे खापरपणजोबा झाले, नगर जिल्ह्यात. त्यांनाच विचारायला हवं.

थंडी सरत आली होती. एका रविवारी उपासनेला निघालो. कॉम्प्लेक्सच्या फाटकातून वळताना उजवीकडून बॉनेटवर धाडकन हात आपटला. ब्रेक दाबला. एक तरुण बाई, हातात कुत्र्याचा पट्टा. ती मला अजिबात दिसली नव्हती. ती चिडली नाही. उलट तिनेच विचारलं, "आर यू ओके, सर?" प्रभूने सांभाळलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या वाट्याचं सांभाळणं मी केलंच नव्हतं. ते त्या बाईला करावं लागलं, स्वतःचा जीव वाचवताना. गाडी मागे घेतली, जागेवर लावली आणि त्यानंतर चालवली नाही. मुलीला काही कळवलं नाही. आपण हरलो हे आपणहून कोण सांगतं?

मग रविवार घरातच जायला लागले. मी सूट घालून बसायचो. गीतांचं पुस्तक उघडून गायचो. दोन ओळी झाल्या की आपलाच आवाज ऐकून कसंतरी व्हायचं आणि पुस्तक मिटायचो. प्रार्थना मात्र रोज तीच, "प्रभू, कुणाला तरी पाठव." कुणी येत नव्हतं. मला त्याचा रागही आला. इतकी वर्षं तुझ्या दारात येतोय आणि तुला एक माणूस पाठवता येत नाही?

असाच एकदा भांडत बसलो असताना शेजारची गाडी सुरू झाली. शेजारी मराठी जोडपं राहतं, दोघंही निवृत्त डॉक्टर. दर रविवारी ती याच सुमाराला निघतात. मला एकदम उमगलं की मी माझी अडचण देवाला रोज सांगतोय आणि भिंतीपलीकडच्या माणसांना एकदाही सांगितलेली नाही. देवाकडे मागायला मला लाज वाटत नव्हती, शेजाऱ्यांकडे मागायला वाटत होती. याला मी विश्वास म्हणत होतो.

उठलो आणि शेजारी फोन लावला.

"वहिनी, रविवारी मला देवळात सोडाल का?"

"अहो भाऊजी, त्यात विचारायचं काय! आम्ही जातोच की."

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. घरात तोच शब्द, तोच तोंडात बसलेला. इथे राहून इतकी वर्षं झाली तरी हे वेगळं सांगावं लागेल, असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी टाय लावून, बायबल काखेत धरून मागच्या सीटवर बसलो. पुढे वहिनींच्या मांडीवर फुलं आणि नारळ. वाटेत यांना कुठे तरी जायचं असेल, असं समजून मी गप्प बसलो. गाडी थांबली आणि पाहतो तर समोर शिखर, त्यावर कळस.

वहिनींनी मागे वळून माझ्या काखेतल्या पुस्तकाकडे पाहिलं. "अगं बाई! तुमचं देऊळ म्हणजे चर्च!"

"अरे यार," त्यांचे यजमान म्हणाले, "तरीच म्हटलं, आज टाय कशाला!" आणि त्यांनी गाडी वळवली.

"अहो, तुमची पूजा?" मी म्हटलं.

"आमची नंतर होईल. यू आर ऑलरेडी लेट."

पोचलो तेव्हा उपदेश सुरू झाला होता. मला सोडून ती दोघं जातील असं वाटलं होतं, पण ती आत आली. वहिनींनी दाराशी चपला काढल्या. आमच्या गावच्या देवळातही काढतात. मीही वाकून बूट काढले आणि तिघं शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, अनवाणी, नारळासकट.

दुपारी मुलीला फोन करून हा सगळा किस्सा रंगवून सांगितला. ती हसेल म्हणून थांबलो.

"गाडी कोण चालवत होतं?" तिने विचारलं.

"शेजारचे. मी कुठे चालवतो आता? केव्हाच सोडली."

ती रडायला लागली. हुंदके देऊन, लहानपणी रडायची तशी. मी घाबरलो, काय झालं, काय झालं, असं विचारत राहिलो. बऱ्याच वेळाने ती बोलली आणि त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता.

"बाबा, दर रविवारी सकाळी मी गुडघे टेकून मागायचे, की आज तुमची गाडी चालू होऊ नये."

विश्वास माझा होता आणि त्याची सगळी भीती ती एकटी, इतक्या लांब बसून, सोसत होती. मला पुष्कळ बोलायचं होतं. "अगं बाळा," एवढंच म्हणता आलं.