हवा धरलेला ट्रॅक्टर

प्रकाशा गावाजवळच्या आमच्या मळ्यात मी माहेरपणाला आले होते. सकाळीच पपईची ट्रॉली भरून जोडलेली, रस्त्यावर व्यापाऱ्याचा ट्रक उभा, आणि ट्रॅक्टर काही सुरू होईना. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा नाही. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, एक लाथ टायरला मारली, दुसरी कुत्र्याला.

धूर नाही म्हणजे डिझेल इंजिनपर्यंत पोचतच नव्हतं. टाकी तर भरलेली होती. मी फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप मारला. डिझेलऐवजी फेस आला. नळीत हवा शिरली होती.

"तुन्हा काकानं काम शे हाई," आप्पा दात खात म्हणाले. ट्रॅक्टर दोघा भावांचा, आणि काल तो काकांकडे होता. टाकी एकदा कोरडी पडली की नंतर भरली तरी नळीत हवा राहते, हे आप्पांना ठाऊक होतं.

काका दातण करत आले.

"काल डिझेल खपी जायेल व्हतं नं? सांगाले तोंड नव्हतं का तुले?"

"बापनी आन, भाऊ, टाकी भरेल व्हती."

आप्पांनी हातातला पाना सरळ त्यांच्या कानावर हाणला. काका गुडघ्यांवर बसले, उठले, आणि त्यांनी आप्पांचा गळा धरून डोकं मडगार्डवर आपटलं. काकी मध्ये पडल्या, तर कुणाचं तरी कोपर त्यांच्या तोंडावर बसलं. त्या रक्त थुंकत खाली बसल्या.

मी पंप मारतच होते. फेस संपेना. टाकी कोरडी पडल्यामुळे हवा गेली असती, तर एव्हाना निघून जायला हवी होती. म्हणजे ती कुठून तरी आत येतच होती. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीवरून बोट फिरवलं, तर क्लिपखाली चीर लागली.

"आप्पा, काकानी चूक नही! नळी फाटेल शे!"

कुणी ऐकलं नाही. चिरलेलं टोक मी विळ्याने कापलं, नळी पुन्हा बसवली, क्लिप आवळली. आता स्वच्छ डिझेल आलं. बोल्ट घट्ट करून सेल्फ मारला. इंजिन खोकलं आणि धडधडू लागलं. वाटलं, आता तरी थांबतील. आप्पांनी इंजिनाकडे पाहिलं आणि पाना पुन्हा उचलला. काकांनी हात आडवा धरला. मनगट विचित्र वाकलं. मग आईने पाना हिसकून विहिरीत फेकला.

काकांना पपयांवर गोणपाट टाकून निजवलं आणि मीच ट्रॅक्टर शहाद्याच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांना ते म्हणाले, "ट्रॅक्टरवरून पडनू."

परत आल्यावर मी नळीचा कापलेला तुकडा आप्पांच्या हातात दिला. त्यांनी चीर उघडून पाहिली.

"जुनी व्हती," एवढंच म्हणून ते हात धुवायला गेले.

काकांचं मनगट अजून पुरतं वळत नाही. त्या हंगामानंतर दोघांच्या शेतांमध्ये काटेरी तार आली. ती ओढताना एक टोक आप्पांनी धरलं होतं, दुसरं काकांनी चांगल्या हाताने.